मारणारा ‘आतून तसाच’ असतो का?

सांगली जिल्ह्यातून एका भगिनीने पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून देत आहे.

‘माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा असून पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो समलैंगिक आहे हे मला दोन वर्षांपासून ठाऊक होते. गेल्या महिन्यात डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या एका मुलाला भेटायला तो शहराबाहेरच्या एका खोलीवर गेला, तेव्हा तेथे चौघे जण थांबलेले होते. त्यांनी त्याला पट्ट्याने मारले, कपडे उतरवायला लावून चित्रीकरण केले, त्याच्याच फोनवरून १४,००० रुपये वळते करून घेतले आणि तक्रार केलीस तर हे तुझ्या बापाला पाठवू असे बजावले. बारा दिवसांनी त्याने मला सांगितले. आता घरात सगळ्यांना कळले आहे. आमच्या बाजूने ठामपणे उभा राहिलेला एकटा मामेभाऊ म्हणतो की, असे मारणारे आतून स्वतःच तसे असतात, हे सगळ्या जगाला माहीत आहे. वकिली करणारे काका म्हणतात की, यानेच काहीतरी लगट केली असणार. अण्णा म्हणतात की, ही साधी लूटमार आहे, तिला नसता रंग देऊ नका. परवा रात्री भावाने मला विचारले, “ताई, ते माझ्यासारखेच होते का? मग ते माझ्यातही कुठेतरी आहे का?” मला उत्तर देता आले नाही. तुम्ही काही सांगू शकाल का?’

सप्रेम नमस्कार.

काका आणि अण्णांकडे मी नंतर वळेन. भावाच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न मनात घेऊन तो आज रात्रीही जागा असेल. त्याला सांगा की, नाही. त्या चौघांनी जे केले त्याचा त्याच्या समलैंगिक असण्याशी एवढाच संबंध आहे की, त्यांनी त्यामुळे त्याला निवडले. पट्टा उचलण्याची, हसत हसत चित्रीकरण करण्याची वृत्ती एखाद्याला कोण आवडते यातून जन्माला येत नाही, आणि म्हणून ती त्याच्यात कुठेतरी दडून बसलेली असण्याचे काहीही कारण नाही.

मामेभावाचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. तो जे वाक्य बोलला ते मीही अनेक वर्षे बोलत असे, आणि बोलताना आपण पीडिताची बाजू घेत आहोत अशीच माझी समजूत होती. ज्याने अपमान केला त्याचाच अपमान त्याच्यावर उलटवल्याचे समाधान त्या वाक्यात मिळते. पण तो अपमान कशाचा बनला आहे ते जरा पाहा. ‘तो स्वतःच तसा असेल’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘तसा असणे’ हीच शिवी म्हणून वापरतो, आणि ती शिवी ज्याच्या बचावासाठी उच्चारली तोच शेजारी बसून ती ऐकत असतो. तुमच्या भावाने ती ऐकली आणि त्यातून जो निष्कर्ष निघतो तोच काढला. त्याच्या प्रश्नाचा उगम त्याच्या मनाच्या दुबळेपणात शोधू नका. तो त्या वाक्यातच आहे.

हा समज इतका पक्का होण्यामागे एक प्रयोगही आहे. १९९६ साली अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात हेन्री ॲडम्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ६४ पुरुषांना वेगवेगळ्या प्रकारच्या लैंगिक चित्रफिती दाखवून त्यांच्या शरीराचा प्रतिसाद मोजला, तेव्हा समलैंगिकांविषयी ज्यांनी अधिक तिटकारा नोंदवला होता त्यांच्या गटात पुरुषांच्या परस्परसंबंधांची चित्रफीत पाहताना अधिक उत्तेजना आढळली. एवढ्यावरून वर्तमानपत्री मथळे झाले आणि ते आजही फिरत आहेत. माणसे मात्र केवळ ६४ होती, भीतीने किंवा अस्वस्थतेनेही शरीर तसाच प्रतिसाद देऊ शकते ही शक्यता खुद्द संशोधकांनीच नोंदवली होती, आणि नंतर इतरांनी केलेल्या अभ्यासांत तसाच निष्कर्ष दर वेळी हाती आला नाही. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या प्रयोगात कोणी कोणाला मारले होते का, हा प्रश्नच नव्हता. मनातला तिटकारा आणि हातातला पट्टा यांच्यामध्ये फार मोठे अंतर असते. ते अंतर माणूस कशाच्या जोरावर ओलांडतो, याविषयी तो प्रयोग काहीच सांगत नाही.

या समजाने किती दुःख दिले आहे याचे एक उदाहरण सांगते. १२ जून २०१६ रोजी अमेरिकेतील ऑर्लँडो शहरात ‘पल्स’ नावाच्या, समलैंगिकांची ये-जा असलेल्या नाइटक्लबमध्ये एका बंदूकधाऱ्याने ४९ जणांना ठार केले. त्या रात्री तेथे लॅटिन संगीताचा कार्यक्रम होता आणि मृतांपैकी बहुतेक जण लॅटिन अमेरिकी वंशाचे होते. प्रेतांची ओळख पटवण्याचे काम चालू असतानाच बातम्या येऊ लागल्या की, मारेकरी स्वतःच समलैंगिक होता, तो त्या क्लबमध्ये येत असे, ॲपवर पुरुषांशी बोलत असे. तपास यंत्रणांनी हे सगळे तपासले आणि त्याला दुजोरा देणारा पुरावा त्यांना मिळाला नाही. हल्ला चालू असताना त्याने स्वतः पोलिसांना फोन करून इस्लामिक स्टेटशी निष्ठा जाहीर केली होती आणि सीरिया व इराकमधील बॉम्बहल्ल्यांचे नाव घेतले होते. पुढे २०१८ साली त्याच्या पत्नीवरील खटल्यात जे समोर आले त्यावरून, तो क्लब समलैंगिकांचा म्हणून त्याने निवडला होता का, याविषयीच शंका निर्माण झाली. म्हणजे ज्या घरांतून मुले गेली त्या घरांना शोकाच्या पहिल्याच आठवड्यात, मारणारा तुमच्यातलाच होता, असे ऐकावे लागले आणि ते खरे असल्याचे कधीच सिद्ध झाले नाही.

मग मारणारे का मारतात? हा प्रश्न मारणाऱ्यांनाच विचारणारे संशोधन थोडे आहे, पण आहे. कॅरेन फ्रँकलिन या न्यायवैद्यक मानसशास्त्रज्ञ महिलेने १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या जवळपास ५०० तरुण-तरुणींकडून प्रश्नावली भरून घेतली आणि हल्ले केलेल्या काहींच्या सविस्तर मुलाखतीही घेतल्या. हे विद्यार्थी तुरुंगातले नव्हते, वर्गात बसणारे सामान्य विद्यार्थी होते. दर दहांपैकी एकाने, आपण समलैंगिक समजलेल्या व्यक्तीला मारहाण केल्याचे किंवा मारण्याची धमकी दिल्याचे स्वतःहून कबूल केले, आणि जवळपास चौथ्या हिश्श्याने शिवीगाळ केल्याचे सांगितले. तेही मुक्त विचारांसाठी जगात नावाजलेल्या परिसरात. त्यांच्या उत्तरांतून जी कारणे पुढे आली ती ऐकताना मला आपली कॉलेजे, वसतिगृहे आणि कट्टे आठवत राहिले. मित्रांसमोर आपण कमी नाही हे दाखवायचे होते. वेळ जात नव्हता, काहीतरी थरार हवा होता. समलैंगिकता वाईटच आहे, मग त्यांना धडा शिकवला तर बिघडले काय, अशी खात्री होती. आणि काहींचे म्हणणे असे की, तो माझ्याकडे तशा नजरेने पाहत होता, मी फक्त स्वतःला वाचवले. यांतील अनेकांना आपण समलैंगिकांचा द्वेष करतो असे वाटतही नव्हते. पुरुषाने कसे चालावे, कसे बोलावे, कोणाबरोबर झोपावे याची जी शिस्त समाजाने घालून दिली आहे तिचे आपण पहारेकरी आहोत, एवढीच त्यांची स्वतःविषयीची कल्पना होती.

ही कारणे वाचून मला पहिल्यांदा निराशा आली होती, हे मान्य करते. मनात दडपलेले गुपित, त्याचा झालेला स्फोट अशी काही गोष्ट असती तर हा प्रकार विरळा आणि दूरचा वाटला असता. मित्रांच्या हशासाठी कोणाच्या तरी बरगड्या मोडणे ही फार जवळची गोष्ट आहे. तुमच्या भावाला बोलावणारा एक होता आणि थांबलेले चौघे होते, एकाच्या हातात पट्टा होता तर दुसऱ्याच्या हातात कॅमेरा. चौघांच्याही मनात एकच दडलेली वासना एकाच संध्याकाळी उफाळून आली, असे मानण्यापेक्षा ते एकमेकांसाठी मारत होते असे मानणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. कोणीतरी पाहणार असते म्हणूनच चित्रीकरण होते. त्यांच्या शाळेतल्या कोणा शिक्षकाने एखाद्या मुलाला वर्गासमोर ‘बायल्या’ म्हटले असेल, घरातल्या कोणी त्यावर हसले असेल, आणि हे चौघे त्या हसण्यात सामील होऊन मोठे झाले असतील. ‘तो आतून तसाच’ या एका वाक्याने ही सगळी माणसे जबाबदारीतून सुटतात आणि समलैंगिकांवर होणाऱ्या हिंसेचे ओझे पुन्हा समलैंगिकांच्याच डोक्यावर येऊन बसते.

अशी हिंसा दर वेळी रागाने बेभान झालेले लोकच करतात असेही नाही, आणि याचे एक उदाहरण आपल्याच भाषेतले आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत असत. २०१० च्या फेब्रुवारीत काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि एका पुरुषाबरोबरच्या त्यांच्या खासगी क्षणांचे चित्रीकरण केले. त्यानंतर विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून, ज्यांच्या घरात लोक घुसले त्यांनाच निलंबित केले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि ७ एप्रिलला ते आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडले. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. कॅमेरा घेऊन घुसणाऱ्यांच्या मनात काय होते याचा अंदाज मी बांधणार नाही. पण निलंबनाचा कागद स्वच्छ कार्यालयीन भाषेत तयार झाला, त्यावर रीतसर सही झाली, आणि तो बजावणाऱ्यांना आपण संस्थेची अब्रू राखत आहोत असेच वाटले असणार. तेथे कोणाच्या दडपलेल्या इच्छेचा शोध घेत बसलो तर तो कागद नजरेआड होतो.

आणखी एका गोष्टीकडे मामेभावाचे लक्ष वेधा. या समजामुळे खरोखर संशयित ठरतात ते लपून राहणारे लोक. या सदराकडे त्यांची पत्रे येतात. बहुतेक निनावी असतात, काही लग्न झालेल्या पुरुषांची असतात, काहींवर पत्ता नको म्हणून दुसऱ्या गावचा शिक्का असतो. त्या पत्रांत भीती असते, बायकोविषयी अपराधीपणा असतो, आयुष्य वाया गेल्याचे दुःख असते. दुसऱ्याला मारण्याची इच्छा मला त्यांत क्वचितच दिसली आहे. स्वतःला संपवण्याची मात्र पुष्कळदा. लपून राहणारा आणि हल्ला करणारा एकच असेल असे प्रकरण जगात कधी घडलेच नाही, असे मी म्हणत नाही. घडले तरी त्या माणसाला आपल्या इच्छेची इतकी भीती कोणी घातली, हा प्रश्न उरतोच आणि त्याचे उत्तर पुन्हा त्याच घराच्या, त्याच कट्ट्याच्या दारात नेते.

आता काकांचे म्हणणे. ‘यानेच लगट केली असणार’ हा तर्क जुना आहे आणि तो न्यायालयांतही वापरला गेला आहे. समोरच्याने लगट केल्यामुळे आरोपी भेदरला आणि त्याचा तोल गेला, असा बचाव अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षे मांडला जात असे. तो मांडता येऊ नये म्हणून कॅलिफोर्नियाने २०१४ साली कायदा केला आणि ऑस्ट्रेलियात अगदी शेवटी, २०२० साली, दक्षिण ऑस्ट्रेलियानेही ती वाट बंद केली. काका वकील आहेत, म्हणून त्यांना घटनाक्रमच विचारा. चौघे जण पट्टा आणि कॅमेरा घेऊन तुमचा भाऊ पोहोचण्याआधीच त्या खोलीत बसले होते. जो माणूस अजून दारात आलेला नाही त्याने लगट कधी केली? आणि समजा एखाद्याने एखाद्याला नकोसे काही विचारले असते, तरी ‘नाही’ म्हणून निघून जाता येते. आपल्या मुली रोज तेच करतात आणि त्यासाठी कोणाची हाडे मोडत नाहीत.

अण्णांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, म्हणून ते अधिक काळजीपूर्वक पाहायला हवे. पैसे घेतले, म्हणजे लूट झाली, हे खरेच आहे. पण वाटेवरच्या कोणालाही न अडवता त्यांनी ॲपवरून एका समलैंगिक मुलाला शोधून बोलावले, कारण हा मुलगा पोलिसांकडे जाणार नाही, घरी सांगणार नाही, याची त्यांना खात्री होती. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेतील वायोमिंग राज्यात मॅथ्यू शेपर्ड या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला दोघा तरुणांनी मोटारीत घेतले, गावाबाहेर कुंपणाला बांधून अमानुष मारले आणि थंडीत तसेच टाकून दिले. काही दिवसांनी तो रुग्णालयात मरण पावला. त्याचे पाकीट गेले होते, त्यामुळे ही तर लूटमार होती असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पाकिटासाठी कुंपणाला बांधून कवटी फोडावी लागत नाही. लोभ आणि तिरस्कार एकाच हातात मावतात, आणि एक मान्य केल्याने दुसरा खोटा ठरत नाही.

‘नसता रंग नको’ म्हणण्याची किंमत काय होते ते सिडनीत दिसले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाँडायजवळच्या समुद्रकड्यांवर, जेथे रात्री समलैंगिक पुरुष भेटत, तेथे तरुणांच्या टोळ्या त्यांना गाठून मारत असत. १९८९ साली दूरचित्रवाणीवर बातम्या देणारा रॉस वॉरन तेथून नाहीसा झाला, त्याच्या किल्ल्या खडकांवर सापडल्या आणि तो पाय घसरून पडला असावा असे मानून पोलिसांनी प्रकरण लवकरच मिटवले. त्याच वर्षी जॉन रसेलचे प्रेत त्याच कड्याखाली मिळाले. हे खून होते असे न्यायिक चौकशीत ठरायला २००५ साल उजाडले, आणि तेव्हा त्या चौकशीने पोलिसांच्या मूळ तपासावर कडक ताशेरे ओढले. कड्यावर कोण कोणाला शोधत फिरत होते हा प्रश्न वेळीच विचारला असता, तर त्यानंतर मेलेल्यांपैकी काही जण कदाचित वाचले असते. तुमच्या भावाला फसवणाऱ्या त्या चौघांकडे तेच ॲप आजही असेल आणि ते पुढच्या मुलाला निरोप पाठवत असतील, हे अण्णांना शांतपणे सांगा.

आता तक्रारीविषयी. करायची की नाही हे भावानेच ठरवावे. तो तयार नसेल तर थांबा, पण त्याला खरी माहिती असू द्या. समलैंगिक असणे किंवा प्रौढांनी संमतीने एकत्र येणे हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी तसा निर्णय दिला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या ३७७ सारखे कलमच नाही. त्यामुळे ‘तुझ्यावरच केस होईल’ असे कोणी म्हटले तर ती निव्वळ धमकी आहे. त्याच्याविरुद्ध जे घडले ते मात्र गुन्हेच आहेत: मारहाण, डांबून ठेवणे, जबरीने पैसे घेणे, धमकावणे, आणि खासगी शरीराचे चित्रीकरण करणे, ज्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. घटना पुण्याची असली तरी तुमच्या जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने फिर्याद नोंदवता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. नोंदवून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवावा. पैसे वळते झाल्याची नोंद, ॲपवरील संभाषण, आलेल्या धमक्या यांतले काहीही पुसू नका, आणि अंगावरचे वळ अजून दिसत असतील तर सरकारी रुग्णालयात आजच तपासणी करून तशी नोंद करून घ्या. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३०, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० आणि मन फार अस्वस्थ झाले तर बोलण्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. शेवटच्या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

फिर्यादीत हेतू लिहिण्याची वेळ येईल तेव्हा अंदाज लिहू नका. ते काय बोलले, कोणत्या शिव्या दिल्या, कॅमेरा कोणी धरला, कोण हसले, हे जसे घडले तसे लिहा. त्यांच्या मनाच्या तळाशी काय आहे हे तुमच्या भावाने शोधण्याची गरज नाही. त्यांच्या तोंडून बाहेर पडलेले शब्द पुरेसे आहेत.

मामेभावाला हे पत्र जरूर वाचायला द्या, आणि त्याला माझ्याकडून एक विनंती करा. ठाण्यात तीन-चार तास बाकावर बसावे लागेल, कोणीतरी नको तो प्रश्न विचारील, भावाचे हात थरथरतील. त्या वेळी त्याच्या शेजारी बसायला तुमच्याबरोबर त्यानेही यावे.